उदबत्तीचा धूर आणि वीस वॉटचा किरण

जानेवारीतली संध्याकाळ, साडेसहाची वेळ. पुण्यात बावधनच्या पुढे एका रिकाम्या मैदानाच्या मधोमध मी उदबत्ती पेटवून उभा होतो. वारा बघायला मला आजवर उदबत्तीपेक्षा भरवशाचं काही सापडलेलं नाही. मोबाइलवर दिसतो तो शहराचा वारा, मैदानाचा नाही. धूर वीतभर सरळ वर गेला, मग मोडला आणि स्टेजकडून प्रेक्षकांच्या बाजूला वाहायला लागला. हवा तसाच. सोबतच्या पोरानं हेझर, म्हणजे हवेत पातळ धूर सोडणारी यंत्रं, ठेवायच्या जागांवर चुन्यानं खुणा करायला घेतल्या, पण मी त्याला थांबवलं. कार्यक्रमात लेसर लागणार होता साडेआठला. म्हटलं, साडेआठला परत बघू.

साडेआठला धूर उलटा वाहत होता.

मैदानाच्या मागे टेकडी आहे. ऊन गेलं की टेकडी भराभर निवते, तिच्या अंगालगतची हवा गार आणि जड होते आणि उतारावरून पाण्यासारखी खाली ओघळते. थंडीत टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्या कुणालाही विचारा, रात्री पायाला गार वारा लागतो तो कुठून येतो. चुन्याच्या खुणा पुसल्या. सहापैकी चार हेझर प्रेक्षकांच्या मागे नेले, दोन स्टेजपाशी ठेवले.

लेसरचं काम बघायला येणाऱ्यांना वाटतं की सगळी करामत त्या महागड्या पेटीत आहे. पण लेसरचा किरण बाजूनं दिसतच नाही. स्वच्छ हवेतून तो तुमच्या नाकासमोरून गेला तरी कळायचं नाही. वाटेत धुराचे, दवाचे, धुळीचे बारीक कण असले तर त्यांच्यावर आपटून जो थोडा प्रकाश इकडेतिकडे उडतो तेवढाच आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. तो सगळीकडे सारखा उडत नाही, बराचसा किरणाच्या पुढच्या दिशेनंच झुकतो. म्हणून किरण आपल्याकडे येत असेल तर झळाळतो आणि आपल्यापासून लांब जात असेल तर फिका पडतो. लेसर स्टेजच्या मागे, प्रेक्षकांकडे तोंड करून लावतात ते याचसाठी. बंद सभागृहात धूर कोंडून ठेवता येतो. उघड्यावर छप्पर नाही, भिंती नाहीत, हवेशी जमवून घ्यावं लागतं. माझ्या कामाचा निम्मा वेळ लेसरवर जातो आणि निम्मा हवेवर.

रोषणाईचा धंदा आमच्या घरात वडिलांपासूनचा. पेठांमधल्या मंडळांना ते बल्बांच्या माळांची चित्रं करून द्यायचे, उमलणारं कमळ, फिरणारं चक्र, कारंजं. त्यांच्याकडे एक लाकडी रूळ होता, त्यावर पितळी पत्र्याच्या पट्ट्या ठोकलेल्या. छोट्या मोटरवर रूळ फिरायचा आणि वरून तांब्याचे पत्ते त्याला टेकलेले असायचे. पट्टी पत्त्याला लागली की एक माळ पेटायची, सुटली की विझायची. कुठली पट्टी किती लांब, दोन पट्ट्यांत जागा किती, यावर कमळ उमलतंय की नुसतं लुकलुकतंय ते ठरायचं. त्या मोकळ्या जागेला ते श्वास म्हणायचे. ‘इथं श्वास कमी पडतोय’ म्हणून रात्री दोन वाजता पट्टी उचकटून अर्ध्या इंचानं सरकवताना मी त्यांना पाहिलंय. आज माझ्यासमोर लॅपटॉप असतो, आणि तरीही मी तेच करतो. लेसरमध्ये त्या श्वासाला ब्लँकिंग म्हणतात, त्याबद्दल पुढे सांगतो.

आधी दुसरी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती डोक्यात ठेवल्याशिवाय मी कुठलाच लेसर चालू करत नाही.

२८ सप्टेंबर २०२३, अनंत चतुर्दशी. माझा पुतण्या तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. विसर्जन मिरवणुकीत मित्रांसोबत नाचत होता. पुढच्या एका गाडीवर लेसर लावलेला होता, माणसांच्या तोंडाच्या उंचीवर, गर्दीवर फिरणारा. त्याला दुखलं नाही, काही झाल्यासारखंही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आरशासमोर उभा राहिला तर चेहऱ्याच्या बरोबर मध्यावर तपकिरी डाग. आरसा पुसला, तरी डाग तिथंच. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्याचा फोटो काढून आम्हाला दाखवला. उजव्या डोळ्याच्या दृष्टिपटलावर, ज्या ठिपक्याएवढ्या जागेनं आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो, तिथंच रक्तस्राव झाला होता. रक्त काही महिन्यांत जिरलं. डाग लहान झाला, पण गेला नाही.

त्या वर्षी असे रुग्ण बरेच निघाले, पेपरात बातम्या आल्या. २०२४ च्या गणेशोत्सवाच्या तोंडावर पुणे पोलिसांनी लेसरच्या झोतांवर बंदी घातली. आमच्या धंद्यातले काही जण चिडले. मला ती बंदी बरोबर वाटली आणि आजही वाटते.

कारण साधं आहे. बल्बचा प्रकाश चहूकडे पसरतो, त्यातला कणभर डोळ्यात जातो. लेसरचा किरण जवळजवळ समांतर असतो, आणि डोळ्यातलं भिंग त्याला एका टाचणीच्या टोकावर गोळा करतं. बुबुळावर पडलेला प्रकाश पडद्यावर पोचेपर्यंत साधारण लाखपट दाट होतो. झगमगलं की पापणी मिटते खरी, पण त्याला पाव सेकंद लागतो. भाषणात पडद्यावर लाल ठिपका दाखवायच्या पेनाची ताकद पाच मिलिवॉटच्या आत असते. अर्ध्या वॉटच्या वरचा कुठलाही लेसर चौथ्या, म्हणजे सगळ्यात धोक्याच्या वर्गात मोडतो. माझ्या पेट्या वीस वॉटच्या आहेत, त्या पेनाच्या चार हजार पट. तिथं पाव सेकंद फार मोठा असतो. निळा रंग तर जास्तच फसवा. आपला डोळा हिरव्याला सगळ्यात जास्त ओळखतो, निळ्याला फार कमी, म्हणून निळा किरण मंद वाटतो आणि माणूस त्याच्याकडे बघत राहतो. ताकद मात्र त्यात तेवढीच असते.

तर हे काम होतं एका शिक्षणसंस्थेच्या अमृतमहोत्सवाचं. तीन-साडेतीन हजार माजी विद्यार्थी, पालक, पाहुणे येणार होते. पहिल्या बैठकीत सांस्कृतिक समितीच्या मॅडमनी मोबाइल पुढे केला. २६ जुलै २०२४, पॅरिस, ऑलिंपिकच्या उद्‌घाटनाची रात्र. आयफेल टॉवरमधून चहूबाजूंनी सुटलेले किरण. “असं हवंय. चांदणी चौकातून लोकांना दिसलं पाहिजे.”

मी ते दृश्य शंभर वेळा पाहिलंय आणि अजूनही बघताना अंगावर काटा येतो. मी म्हटलं, “मॅडम, त्या रात्री तिथं पाऊस पडत होता, हवा ओली होती. आणि आकाशात लेसर मी सोडणार नाही.”

“का? परवानगी काढू ना आपण.”

मी त्यांना कागदावर रेघ मारून दाखवलं. माझ्या लेसरचा किरण एक मिलिरेडियननं पसरतो, म्हणजे किलोमीटरभर गेल्यावर तो मीटरभर रुंद होतो आणि दहा किलोमीटरवर दहा मीटर. आपल्याला वाटतं की लांब गेल्यावर काय उरणार! पण दहा मीटरचा तो गोळा विमानाच्या काचेवर पडला तर काच आतून उजळते आणि उतरायच्या ऐन वेळी वैमानिकाला पुढचं दिसेनासं होतं. आपलं लोहगाव हवाई दलाचं ठाणं आहे आणि प्रवासी विमानंही तिथंच उतरतात. रात्री पुण्यावरून कुठलं विमान किती वाजता कुठून वळेल हे मी मैदानात बसून ठरवू शकत नाही. तेव्हा माझा प्रत्येक किरण कुठं तरी जाऊन संपला पाहिजे, दगडावर, मातीवर, जिथं मला दिसेल तिथं.

त्या काही बोलल्या नाहीत. शेजारी संस्थेचे एक निवृत्त सर बसले होते, भौतिकशास्त्र शिकवलेले. ते म्हणाले, “टेकडी आहे की मागे.”

टेकडी होतीच, आणि तिच्या पोटात जुनी बंद पडलेली दगडखाण. आपल्याकडचा काळा कातळ, उभा कापलेला, चकाकी नसलेला. स्टेजपासून साडेतीनशे मीटर. लेसर थांबवायला याहून चांगली भिंत मी पाहिलेली नाही. काळा खडबडीत दगड प्रकाश पिऊन टाकतो आणि उरलेला असा विस्कटून देतो की त्याच्याकडे बघायला काही धोका राहत नाही. तिथं पोचेपर्यंत किरण साधारण ३५ सेंटिमीटर रुंद झालेला असतो, परातीएवढा.

पोलीस, ध्वनिक्षेपक, अग्निशमन यांच्या परवानग्यांत तीन आठवडे गेले. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सरांचा आणि माझा मात्र चांगला स्नेह जमला. सामान उतरलं त्या दिवशी ते मफलर गुंडाळून आले आणि खुर्ची टाकून बसले. मी पेटीचं झाकण काढलं तसे खाली वाकून बघत राहिले. आत तीन रंगांचे तीन स्रोत असतात, ६३८ नॅनोमीटरच्या आसपासचा लाल, ५२० च्या आसपासचा हिरवा, ४५० च्या आसपासचा निळा. एकावर एक बसवून तिन्हींचा एकच किरण करायचा. तो दोन इवल्याशा आरशांवर पडतो. एक आरसा किरण आडवा हलवतो, दुसरा उभा. ते ज्या मोटरवर बसतात तिला गॅल्व्हो म्हणतात. सर म्हणाले, “म्हणजे गॅल्व्हानोमीटरच! काटा काढून आरसा लावलाय.” अगदी तेच आहे. मग ते १६ मे १९६० ला थिओडोर मायमनने माणकाच्या कांडीतून पहिला लेसर कसा काढला ते सांगत बसले आणि माझी पोरं काम सोडून ऐकत राहिली. पंधरा मिनिटं वाया गेली असं मला एकदाही वाटलं नाही.

पुण्यातल्या रस्त्यांवरून टेम्पो आला की तिन्ही रंग हलणारच. जवळच्या पडद्यावर कळत नाही, पांढरा ठिपका पांढराच दिसतो. अंधार पडल्यावर अगदी कमी ताकदीवर कातळावर किरण टाकला तेव्हा तिथं तीन ठिपके होते. हिरवा मधे, लाल त्याच्या डावीकडे हातभर, निळा खाली. असा लेसर लावला तर पांढरी रेघ कडेनं इंद्रधनुष्यासारखी फाटते. अ‍ॅलन की घेऊन आतले स्क्रू फिरवायचे, पण पाव फेरासुद्धा नाही, नुसता ताण द्यायचा. एक जण कातळावर दुर्बीण लावून बसतो आणि ओरडत राहतो, “लाल अजून उजवीकडे, अजून, बास, गेला गेला, मागे!” चार पेट्यांना तीन तास लागले. थंडीनं बोटं आखडली होती. शेवटचा निळा सरकून हिरव्यात बुडाला आणि कातळावर एकदम दुधासारखा पांढरा ठिपका उमटला, तेव्हा सर खुर्चीतून उठून उभे राहिले.

यानंतरचं काम अक्षरांचं. संस्थेला बोधचिन्ह आणि पूर्ण नाव स्टेजमागच्या मोठ्या पांढऱ्या पडद्यावर लेसरनं रेखाटलेलं हवं होतं. लेसरचं चित्र म्हणजे एकच ठिपका असतो. तो इतक्या वेगानं रेघेवरून पळतो की आपल्याला आख्खी रेघ दिसते, अंधारात पेटती उदबत्ती गोल फिरवली की चक्र दिसतं तसं. माझे आरसे सेकंदाला तीस हजार बिंदू गाठतात. सहाशे बिंदूंचं चित्र असेल तर ते सेकंदाला पन्नासदा काढून होतं आणि स्थिर दिसतं. संस्थेचं पूर्ण नाव मी जसंच्या तसं भरलं तर झाले चोवीसशे बिंदू, म्हणजे सेकंदाला साडेबारा वेळा. पडद्यावर अक्षरं ट्यूबलाइट बिघडल्यासारखी फडफडायला लागली.

परदेशातल्या तयार आज्ञावलीत देवनागरीचा विचार नसतो. तिला प्रत्येक अक्षर म्हणजे सुटं चित्र वाटतं. ‘महोत्सव’ लिहायचं तर ती ‘म’ काढते, प्रकाश विझवून ‘ह’वर उडी मारते, पेटवते, पुन्हा विझवते. प्रत्येक उडीला आरशांना वेळ लागतो, आणि दर वेळी शिरोरेषेचा तुकडा नव्यानं निघतो. मी सगळं पुसलं आणि लहानपणी पाटीवर शिकवतात त्याच्या उलट लिहिलं, आधी एका दमात अख्खी शिरोरेषा, मग तिच्यावरून परत येताना एकेक अक्षर खाली लोंबतं सोडायचं. काना खाली उतरला की तिथूनच पुढच्या अक्षराच्या तळात शिरायचं, वर जायचं नाही. ‘त्स’सारख्या जोडाक्षराला तर एकही उडी लागली नाही. कोपरे मात्र सोडावे लागत नाहीत, उलट जपावे लागतात. आरशाला वजन असतं, तो झटकन वळत नाही, मग ‘म’चा कोपरा गोल होऊन भलतंच अक्षर वाटतं. म्हणून कोपऱ्यावर दोन-चार बिंदू एकावर एक ठेवायचे, आरसा तिथं क्षणभर टेकतो आणि मग वळतो. आणि जिथं उडी अटळ आहे तिथं ब्लँकिंग, आरसा पोचेपर्यंत अंधार. तो अंधार एक-दोन बिंदूंनी कमी पडला तर दोन अक्षरांमध्ये कोळ्याच्या धाग्यासारखी रेघ लटकते. रात्री दीड वाजता मी ती रेघ घालवत होतो आणि तोंडातून आपोआप निघालं, ‘इथं श्वास कमी पडतोय.’

शेवटी पूर्ण नाव सोडून ‘अमृतमहोत्सव’ एवढंच ठेवलं. ५८० बिंदू. स्थिर, ठसठशीत. मॅडमनी ते पाहिलं आणि पूर्ण नावाचा विषय परत काढला नाही.

उंचीचा हिशेब मी दोनदा केला आणि तिसऱ्यांदा पोराकडून करून घेतला. माणूस जिथं उभा राहू शकतो त्या जमिनीपासून किरण किमान तीन मीटर वर हवा, असा सगळीकडे पाळला जाणारा दंडक आहे. मैदानाच्या शेवटी पायऱ्यांची गॅलरी होती, तिची वरची पायरी अडीच मीटरवर. आपल्याकडे बाप लेकराला खांद्यावर घेतो आणि लेकरू हात वर करतं. म्हणून मी तीनऐवजी चार मीटर धरले. साडेसहा मीटर झाले. ट्रस, म्हणजे पेट्या टांगायची धातूची चौकट, सात मीटरवर बांधला. सॉफ्टवेअरमध्ये खालची हद्द आखली, आणि तरी प्रत्येक पेटीच्या तोंडाशी खालच्या बाजूनं काळ्या पत्र्याची पट्टी स्क्रूनं आवळली. सॉफ्टवेअर अडकू शकतं, पत्रा अडकत नाही. मग दुपारी मैदानभर फिरून चकाकणारं काय काय आहे ते बघितलं. मंडपवाल्यानं किरणांच्या वाटेतल्या दोन उंच खांबांना चंदेरी कागद गुंडाळला होता, तो काढायला लावला. त्याला आवडलं नाही, पण काढला.

रंगीत तालमीच्या रात्री पुतण्याला टेकडीच्या पायवाटेवर उभं केलं होतं, हातात वॉकीटॉकी. दुसऱ्या वाटेवर आणखी एक जण. पुतण्यानं स्वतःहूनच ते काम मागून घेतलं होतं. माझ्या टेबलावर डाव्या हाताशी लाल बटण. ते दाबलं की चारही पेट्या त्या क्षणी बंद. सगळं छान चाललं होतं, दुसऱ्या गाण्यावर हिरवे किरण एकेक करून कातळावर टेकत होते, आणि वॉकीटॉकीत आवाज आला, “काका, बंद!”

मी विचारलं नाही का ते. बटण दाबलं.

खाणीच्या तळाशी बॅटरीचा उजेड हलत होता. पुतण्या धावत गेला. एक वयस्कर मामा म्हैस शोधत खाणीच्या मागल्या बाजूनं उतरले होते. त्या वाटेची आम्हाला माहितीच नव्हती. दोन दिवस टेकडी पायाखाली घातली, पण खाणीच्या मागे गुरांची वाट असेल हे डोक्यात आलं नाही. मामा खाली होते, किरण त्यांच्या डोक्यावर पंधरा-वीस फुटांवर कातळाला लागत होते, त्यांना काही झालं नाही. पण माझे पाय टेबलाखाली थरथरत होते. मी तालीम तिथंच थांबवली. मामांना चहा दिला, त्यांची म्हैस शोधायला दोन पोरं पाठवली, ती ओढ्याकाठी सापडली. निघताना मामा म्हणाले, “आमाला वाटलं खाणीत कुनी वेल्डिंग करतंय.” दुसऱ्या दिवशी त्या तिसऱ्या वाटेवर तेच मामा उभे राहिले, वॉकीटॉकी घेऊन.

कार्यक्रमाच्या रात्री भाषणं लांबली. साडेआठचा लेसर नऊ वीसवर गेला. दहाला ध्वनिक्षेपक बंद करायचा, त्यात सवलत नाही. आणि त्या पन्नास मिनिटांत दव पडलं. मी अगदी हलका चाचणीचा किरण टाकला तर त्याच्याभोवती दिव्याला धुक्यात असतं तसं वलय. पेट्यांच्या काचांवर दव बसलं होतं. तसंच चालवलं असतं तर किरण विस्कटून भलत्या दिशांना शिंपडला असता.

सूत्रसंचालिकेला खूण केली, दोन माजी विद्यार्थ्यांना आणखी बोलू द्या. चारही पेट्यांच्या किल्ल्या काढल्या आणि वर चढणाऱ्या पोराच्या खिशात घातल्या. हा आमचा नियम आहे. वर जो असेल, किल्ली त्याच्याच खिशात. तो खाली उतरून हातात देईपर्यंत खाली कुणी काहीही म्हटलं तरी लेसर लागू शकत नाही. त्यानं चारही काचा पुसल्या. सहा मिनिटं लागली. मला ती फार मोठी वाटली.

नऊ एकतीसला मैदानातले सगळे दिवे विझवले. हा अंधार मी मॅडमशी भांडून मिळवला होता. पाहुण्यांच्या कक्षातला, खाण्याच्या स्टॉलवरचा, फाटकावरचा, सगळा. जाण्यायेण्याच्या वाटांवर जमिनीलगतचे दिवे तेवढे ठेवले. साडेतीन हजार माणसं अंधारात बसली की एक वेगळीच शांतता होते, कुजबूजसुद्धा खाली बसते. टेकडीवरून आलेला गार वारा धूर घेऊन डोक्यांवरून स्टेजकडे सरकत होता, पातळ, एकसारखा. मी पहिला किरण सोडला. एकच, हिरवा, स्टेजमागून उगवून सगळ्यांच्या डोक्यांवरून थेट कातळापर्यंत. कुठून तरी एक बाई “अगं बाई!” म्हणाल्या, एवढाच आवाज.

मग दुसरा, तिसरा, बारा. सनई वाजली तसे ते पंख्यासारखे उलगडले. पुढच्या तुकड्यात मी एका आडव्या रेघेवर ठिपका पळवला. धुरात ती रेघ राहत नाही, तिचा सपाट पडदा होतो, मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत. धूर हलतो तशा त्यात लाटा उठतात आणि खाली बसलेल्या माणसाला वाटतं की आपण तळ्याच्या तळाशी आहोत आणि वर पाण्याचा पृष्ठभाग आहे. पोरांनी हात वर केले. सगळ्याच पोरांनी. हात त्या निळ्या पाण्यापर्यंत पोचत नव्हते, गॅलरीच्या वरच्या पायरीवरचेसुद्धा दीड-दोन मीटर खालीच राहत होते. मी माझ्या टेबलावरून ते अंतर बघत होतो. वर्षभर करतो त्या कामात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट तीच आहे, उंचावलेले हात आणि प्रकाश यांच्यामधली ती काळी पट्टी.

चौथ्या मिनिटाला वारा पडला. धूर पुढे सरकेना, स्टेजपाशी गोळा व्हायला लागला आणि दाट झाला. दाट धुरात किरण शिरतो आणि तिथंच पांढरा ढग होऊन मरतो. मी स्टेजजवळचे हेझर बंद करायला सांगितले, दोन मोठे पंखे लावले, आणि हवेतले किरण थांबवून ‘अमृतमहोत्सव’ आधीच पडद्यावर घेतलं. ते शेवटी यायचं होतं. शिरोरेषा डावीकडून उजवीकडे सर्रकन गेली आणि तिच्याखाली अक्षरं उतरली. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांच्या मिनिटभरात ढग विरला, आणि मी उरलेले किरण घेतले. बारा मिनिटांचा कार्यक्रम नऊ त्रेचाळीसला संपला. सर माझ्या मागेच बसले होते. काही बोलले नाहीत, खांद्यावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि गेले.

साडेअकराला पेट्या फोममध्ये बसवत होतो तेव्हा पुतण्या टेकडीवरून खाली आला, मामांना घरी सोडून. मी विचारलं, कसं दिसलं.

“मी कुठं बघितलं, काका? पाठ होती माझी. वाटेकडे बघत होतो ना.” मग म्हणाला, “कातळ दिसत होता पण. शेवटी तुम्ही एक ठिपका बराच वेळ ठेवला ना, पांढरा? मी डावा डोळा झाकून बघितलं त्याच्याकडे.”

मी फोमचं झाकण हातात धरून तसाच उभा राहिलो.

“सरळ बघितलं की नाहीसा होतो,” तो म्हणाला. “जरा बाजूला बघितलं की परत येतो. पांढराच दिसतो. तीन रंग सुटे नाही दिसले कुठं.”